अक्षत प्रत

"आई शुक्रवारी येतेय आणि ती याच खोलीत राहणार," असं तिने सांगितलं, तेव्हा नवऱ्याने तिच्याकडे न पाहता भिंतीवरच्या आर्द्रतामापकाकडे पाहिलं. आणि इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तिला त्या गोल काचेचा अगदी अंतःकरणापासून मत्सर वाटला.

"माणसाच्या श्वासात फार ओल असते," तो म्हणाला.

"मग तिला जरा बेतानेच श्वास घ्यायला सांगते."

"थट्टेचा विषय नाही हा."

थट्टेचा नव्हताच. आई घरात पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि यापुढे त्यांना एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भावाच्या घरी जागा होती पण मन नव्हतं. इथे मन होतं, पण जागा पुस्तकांनी खाल्लेली. ही खोली मुळात मुलांसाठी म्हणून ठेवली होती. मूल झालं नाही, आणि मग पुस्तकं होत राहिली... जुनी, दुर्मिळ, पहिल्या आवृत्तीची, कसरीने कुरतडलेली. त्यांच्यासाठी तिने खिडक्या बंद ठेवल्या, शिवणाचं मशीन मोडीत दिलं, माहेरच्या माणसांना 'पुढच्या वर्षी या' असं वर्षानुवर्षं सांगितलं. त्यागाच्या कथा लोक फार गहिवरून सांगतात. प्रत्यक्षात त्याग म्हणजे कपाटामागची धूळ मऊ ब्रशने, खालून वर नव्हे, वरून खाली झाडणं, एवढंच असतं.

"ठीक आहे," शेवटी तो म्हणाला. "पण एकाही पुस्तकाला हात लागता कामा नये. लागला तर मग त्यांची दुसरी सोय बघावी लागेल."

ते वाक्य तिच्या काळजात जाऊन बसलं आणि तिथून हललं नाही.

आई आली. कपाटांच्या मधल्या बोळात तिची खाट लागली, खाटेशी वॉकर उभा राहिला. आईने सारी हयात एका वाचनालयाच्या टेबलामागे काढलेली, आल्या आल्या तिने मान वळवून भोवतालच्या भिंती न्याहाळल्या आणि म्हणाली, "जावईबापूंनी संग्रह छान केलाय गं. पण यातलं बाहेर काय जातं?"

"काही जात नाही, आई."

"म्हणजे वाचतं कोण?"

यावर लेकीने औषधाची वेळ झाल्याचं सांगितलं.

कारण वाचत कोणीच नव्हतं. दर रविवारी नवऱ्याचे दोन स्नेही यायचे, एक निवृत्त न्यायाधीश आणि एक दातांचे डॉक्टर. तिघं मिळून पुस्तकं हुंगायचे, बोटाने पुठ्ठा चाचपायचे, शिवण मोजायचे आणि चहा मात्र बाहेरच्या खोलीत येऊन प्यायचे. मनातल्या मनात ती त्यांना वाळवी मंडळ म्हणायची. फरक इतकाच की वाळवी निदान पुस्तकाच्या आत तरी शिरते.

या मंडळाचं दैवत एक जाडसर प्रवासवर्णन होतं. पूर्वी छापलेला मोठा कागद घड्या घालून तसाच शिवायचे. घड्या कापून पानं मोकळी करण्याचं काम वाचणाऱ्याचं. या प्रतीच्या घड्या कोणीही कापलेल्या नव्हत्या. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं हे पुस्तक कोणी वाचलं नव्हतं, आणि तीच त्याची थोरवी. न्यायाधीश तिला 'अक्षत प्रत' म्हणायचे, आणि म्हणताना त्यांचा आवाज ओला व्हायचा. तेव्हा आर्द्रतामापकाकडे कोणी बघत नसे.

पुढे जे झालं त्यात कोणाचाच दोष नव्हता, आणि म्हणून ते जास्तच वाईट होतं.

एका शनिवारी दुपारी ती खोलीत गेली तर आई उशीला टेकून वाचत होती. मांडीवर तेच प्रवासवर्णन, हातात लाकडी पट्टी, आणि पांघरुणावर कागदाचा बारीक कोंडा.

"अगं, ही प्रत कापायचीच राहून गेली होती," आई म्हणाली. "नवीन पुस्तक आलं की आधी पानं कापून ठेवायची, मगच नंबर घालायचा, हे माझंच काम होतं ना. जावईबापूंना बिचाऱ्यांना सवड कुठली. म्हटलं, नुसती पडून खातेय, तेवढा तरी हातभार लावावा..."

लेक ओरडणारच होती. पण आईच्या चेहऱ्यावर, हाड मोडल्यापासून पहिल्यांदाच, उपयोगी पडल्याचं असं निर्मळ समाधान होतं की तिच्या तोंडून एवढंच निघालं, "बरं केलंस."

संध्याकाळी नवरा चपला काढत होता तेव्हाच तिने सांगून टाकलं. "तुमचं ते प्रवासवर्णन मी कापलं. भाजीच्या सुरीने. वाचावंसं वाटलं."

त्याने एक चप्पल काढली. दुसरी पायातच राहिली. नंतर तो जेवलाही नाही, आणि तिला वाटलं की यापेक्षा याने चार भांडी आपटली असती तर परवडलं असतं.

रविवारी मंडळ आलं ते सुतक असल्यासारखं. आई आतल्या खोलीत झोपली होती, दार लोटलेलं होतं, आणि तिला कमी ऐकू यायचं ही देवाचीच कृपा. टेबलावर पुस्तक ठेवलेलं होतं. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"गेली," ते म्हणाले.

"घरच्याच माणसाकडून जावी..." दातांचे डॉक्टर म्हणाले. "वहिनी, वाचायचंच होतं तर एवढी वर्तमानपत्रं येतात घरात."

"हो, भावजी. चुकलं."

"वहिनींना बोलून काय उपयोग," न्यायाधीश उदारपणे म्हणाले. "कुलूप हवं होतं कपाटाला."

ती चहाचा ट्रे धरून उभी होती. आयुष्यभर जे पुस्तक आपण उघडलंही नाही त्याच्या खुनाचा आरोप आपण अंगावर घेतलाय, आणि समोर बसलेल्या तीन शिकलेल्या माणसांपैकी एकानेही आत काय लिहिलंय हे अजून विचारलेलं नाही... तिला रडू येत होतं की हसू, तिचं तिलाच कळेना.

विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात नवऱ्याची उभी नोकरी झाली होती. सवयीने त्याने भिंग उचललं आणि पानांच्या कडा बघायला सुरुवात केली. एक कड. दुसरी. मग पुन्हा पहिली. मग त्याने भिंग खाली ठेवलं आणि मंडळाला सांगितलं की आज आपण इथेच थांबू.

ते गेल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"कशाने कापलीस?"

"सांगितलं ना, सुरीने."

"सुरी घडी सोडून पान खाते. हे कापणाऱ्याला माहीत होतं. बोथट पट्टी घातलीय, आतून बाहेर, एका रेषेत. शिकलेला हात आहे. पण प्रत्येक पानाला अर्ध्यावर थरथरलाय." तो थांबला. "तुझा हात थरथरत नाही. मी तुला कांदा चिरताना बघितलंय."

"कधी?" तिने विचारलं. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

प्रश्न टाळून तो म्हणाला, "खोटं का बोललीस?"

"दुसरी सोय बघावी लागेल, असं तुम्ही म्हणाला होतात. कुठली सोय आहे तिला? कुठे नेऊन ठेवू मी तिला या वयात..."

"तुला वाटलं, एका पुस्तकापायी मी त्यांना घराबाहेर काढेन?"

"वाटलं नाही. खात्री होती."

ती हे रागाने बोलली असती तर त्याने उलट काही सुनावलं असतं. ती नुसती दमली होती. बाजारात भाव विचारल्यावर सांगावा तसं तिने ते सांगितलं, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, ते पुसायचेही कष्ट तिने घेतले नाहीत. तो तिच्याकडे बघत राहिला, दुर्मिळ चीज घरातच पडून होती आणि आपण ती कधी उघडूनच पाहिली नाही अशा माणसासारखा. पण असली वाक्यं त्याला सुचत नसत, म्हणून तो वळला, टेबलावरचं पुस्तक उचललं आणि आतल्या खोलीत गेला. ती पदराने तोंड पुसत धावतच मागे गेली.

आई जागी झाली होती. "आणलंत का पुस्तक? बरं झालं, जावईबापू. शेवटची पानं राहिलीत कापायची. हात चालत नाही हो आता."

तो खाटेच्या कडेवर बसला. पट्टी घेतली. पहिल्या घडीत ती सारायला त्याला फार वेळ लागला. कागद फाटत गेल्याचा बारीक आवाज झाला आणि पान सुटं झालं.

"कसं आहे पुस्तक, आई?" त्याने विचारलं.

"तुम्हाला म्हणून सांगते, सुमारच आहे. निम्म्यातच लेखक दमलाय. पण सुरू केलंय तर पुरं करू. तुम्ही कापा, मी वाचून दाखवते."

त्याने दुसरी घडी कापली. मग तिसरी. दारात उभ्या असलेल्या बायकोकडे न बघताच तो म्हणाला, "तू पण ये. बस ना."

"बसू कुठे?" ती म्हणाली. "या खोलीत माणसाला टेकायला जागा ठेवलीत का कुठे?"

तो उठला. खुर्चीवरचा पुस्तकांचा ढीग त्याने दोन्ही हातांनी उचलला, इकडेतिकडे पाहिलं, आणि सरळ जमिनीवर ठेवून दिला.