गयाबाईंनी पाहिलेलं लग्न

ते ओव्हनचं घड्याळ राहू दे रे सिद्धांत, सकाळी करू मागे. मोबाइलला आपोआप कळतं, ओव्हनला कोण सांगणार! आणि इरा, तो मोठा दिवा घालव आणि बस इथे. तुझी आई न्यायला येईपर्यंत वेळ आहे. भुताची गोष्ट हवी म्हणतेस, तर आधीच सांगतो, मी भूत मानत नाही. आम्ही बाबासाहेबांची माणसं. आमच्या घरात कुणी नवस बोलत नाही, दाराला लिंबू-मिरची बांधत नाही. त्यात माझी सगळी नोकरी इथे जर्मनीत, र्युसेल्सहाइमला गाड्यांचे ब्रेक तपासण्यात गेली. कुठून आवाज आला की त्याचं कारण सापडेपर्यंत मला जेवण गोड लागायचं नाही. पण ही एक गोष्ट आहे, तिचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

बरोबर एक वर्ष झालं. हीच रात्र. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार, पहाटे तीनला घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे जातात ती.

उज्ज्वल म्हणून एक मुलगा वरच्या मजल्यावर राहायचा. सिद्धांत, तू आता राहतोस ना, त्याच घरात. आता का दचकतोस? ब्योब्लिंगेनमध्ये एवढ्या लवकर घर मिळालं म्हणून पेढे वाटत होतास की! तर हा उज्ज्वल त्या शनिवारी दुपारी गाडी काढून बाड हॉम्बुर्गला गेला. काम साधं होतं. एक फोटो आणायचा.

नोकरी त्याची सॉफ्टवेअरची, पण जीव सगळा कॅमेऱ्यात. उन्हाळा लागला की शनिवार-रविवार हा इटलीत, लग्नांचे फोटो काढायला. आपल्या मुलांना आजकाल लग्न तिकडेच करायचं असतं ना, अमाल्फीच्या किनाऱ्यावर. खाली समुद्र, वर सरळसोट कडा, आणि कड्याला चिकटलेल्या घराच्या गच्चीवर नवरा-नवरी. गाडी वरपर्यंत जात नाही. पायऱ्या चढून चढून वऱ्हाडाचा जीव जातो, आजोबांना खुर्चीत बसवून उचलून न्यावं लागतं. मी म्हणायचो, अरे, ही हौस आहे की शिक्षा? तो हसायचा. ‘काका, तिथला संध्याकाळचा उजेड बघा एकदा. माणूस कसाही असो, देखणा दिसतो.’

सप्टेंबरात त्यानं अशाच एका लग्नाचे फोटो काढले होते, धम्मदीपाच्या. ही मुलगी बाड हॉम्बुर्गला एका औषधांच्या कंपनीत संशोधन करते. मूळची मूर्तिजापूरची. वडील लवकर गेले. आई, गयाबाई, शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवायची. त्या खिचडीवर लेक शिकली, डॉक्टरेट झाली, इथवर आली. नवरा सत्यजित, तोही चांगला मुलगा. त्यांनी तो किनारा निवडला तो मिरवायला नाही. गयाबाईंनी उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. आई लेकीचं लग्नही बघेल आणि समुद्रही बघेल, असा बेत.

व्हिसा नाकारला. बाई एकटी, शेती नाही, कामही सुटलेलं. परत जाईल याची खात्री वाटत नाही म्हणे. हो, असंच लिहितात. पुन्हा अर्ज करायला दिवस नव्हते. तारीख पुढे ढकलते असं लेक म्हणाली, तर गयाबाई तिच्यावर रागावल्या. ‘माझ्यापायी लग्न अडवायचं नाही. मी फोनातून पाहीन.’

तर लग्न झालं. गच्चीवर टेबल, त्यावर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या. वारा असा की मेणबत्ती टिकेना. आपल्याकडे नवरी पांढरी साडी नेसते, पण हिनं आकाशी नेसली होती. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी ठेवलेली, आणि तिच्यावर पाण्याच्या पेल्याला टेकवून कुणीतरी मोबाइल उभा केलेला.

आता फोटोग्राफरचा डोळा कसा असतो? त्याला आधी फ्रेममधला पसारा दिसतो. बाटली, पिशवी, वायर. उज्ज्वलला दिसला खुर्चीवर चमकणारा मोबाइल. कुणी विसरलं असेल, असं वाटलं त्याला. लगबगीनं गेला, मोबाइल पालथा घातला आणि कामाला लागला.

त्या मोबाइलमध्ये गयाबाई होत्या.

तिकडे मूर्तिजापूरला रात्र झालेली. ठेवणीतली साडी नेसून बाई फोनसमोर बसलेली. आणि फोनात अंधार. ऐकू सगळं येत होतं. त्रिशरण, पंचशील, टाळ्या, वारा. दिसत काहीच नव्हतं. हाक मारली असेल का? मला नाही वाटत. आपण बोललो तर तिकडे भर लग्नात आवाज होईल, म्हणून गप्प बसल्या असतील. फार सोसलेली माणसं अशीच असतात रे, त्यांना स्वतःसाठी हाक मारायचीही लाज वाटते.

नंतर लेकीनं विचारलं, ‘आई, दिसलं ना गं?’ तर म्हणाल्या, ‘सगळं दिसलं. डोळे निवले माझे.’ आणि तीन आठवड्यांनी गेल्या. झोपेतच. लेक विमानात होती तेव्हा माती झाली.

उज्ज्वलला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला कळलं ते फोटो निवडताना. एका फोटोत मोबाइल उभा होता. त्यानं सहज मोठा करून पाहिला, तर आत पदर सारखा करणारी एक बाई. पुढच्या फोटोत मोबाइल पालथा. त्याच्या पुढच्या सगळ्या फोटोंत पालथाच. आणि हे बघून तो सुन्न बसलेला असतानाच धम्मदीपाचा फोन आला. ‘दादा, एक मागू? आई गेली हो. फॅमिली फोटोत आईला टाकता का?’

इरा, आपल्याकडे करतात हे. गेलेल्या माणसाचा फोटो कापून लग्नाच्या फोटोत बसवतात. गावोगावचे स्टुडिओवाले आजोबांना सूट चढवून उभं करतात. हसू नकोस, तुझ्या आईबाबांच्या अल्बममध्येही निघेल एखादा.

तर तो फोटो आणायला उज्ज्वल गेला. गयाबाईंचा धड फोटो एकच होता, व्हिसासाठी काढलेला. एरवी कॅमेरा दिसला की त्या तोंड फिरवायच्या. या फोटोत मान ताठ, दोन्ही कान उघडे, चेहऱ्यावर हसू नाही. व्हिसाला हसलेला चालत नाही ना. उज्ज्वल सगळं सांगून टाकायचं ठरवूनच गेला होता. पण पाकीट हातात देताना धम्मदीपाच म्हणाली, ‘आईनं लग्न पाहिलं दादा, तेवढंच समाधान आहे मला.’ आता काय बोलणार माणूस? तिच्याजवळ उरलेलं तेवढं एक समाधान, तेही काढून घ्यायचं? पाकीट घेऊन परत आला. माझ्या दाराशी थांबला, हे सगळं मला सांगितलं, आणि वर गेला. चेहरा पार उतरला होता पोराचा. ‘जेवून जा’ म्हटलं, तर ‘नको काका, भूक नाही.’

रोहिणी, त्याची बायको, मुलाला घेऊन पुण्याला गेली होती. वर हा एकटाच. खिडक्यांबाहेरचे पडदे, रोलाडेन, खाली ओढलेले, म्हणजे बाहेरचा उजेडसुद्धा नाही. खोलीत फक्त स्क्रीन.

पुढचं त्यानं मला पहाटे सांगितलं. सांगतो तसं.

रात्रभर तो त्या फोटोत गयाबाईंना बसवत होता. लेकीच्या उजवीकडे उभ्या करून पाहिल्या. मग मागे. मग जावयाशेजारी. कुठेच बसेनात. बाकी सगळ्यांच्या तोंडावर समुद्रावरचं पिवळं ऊन, आणि यांच्यावर स्टुडिओतला पांढरा दिवा. सगळे हसताहेत, आणि या ताठ. तीन वाजत आले होते. मग त्याच्यासमोरच घड्याळ मागे गेलं. पुन्हा दोन झाले.

त्यानं डोळे चोळले. आणि वास आला. खोबरेल तेलाचा. नुकतीच वेणी घातल्यासारखा.

इरा, ‘उंड दान?’ म्हणे! पुढे काय, तेच सांगतोय ना. थांब जरा.

वास मागून येत होता. खुर्चीच्या मागून. त्यानं वळून पाहिलं नाही. मान वळेचना म्हणाला. आणि श्वास ऐकू आला. खूप पायऱ्या चढून आल्यावर माणूस धापा टाकतं ना... तसा. हळूहळू शांत होत गेला. मग अगदी कानाजवळ. घरातलं म्हातारं माणूस तुमच्या खांद्यावरून मोबाइलमध्ये वाकून बघतं की नाही? तसं कुणीतरी वाकलं होतं.

स्क्रीनच्या काळ्या कडेत त्याला स्वतःचं तोंड दिसत होतं. मागे... काही नव्हतं.

उठून पळावं. पाय हलेनात.

आणि मग त्याला कळलं. कुणी सांगितलं नाही. कळलं.

त्यानं तो जोडलेला फोटो बंद केला. लग्नाचे फोटो उघडले. अगदी पहिला. आणि बटण दाबलं.

पायऱ्या. लिंबाची झाडं. गच्ची. समुद्र.

समुद्रावर श्वास थांबला. तोही थांबला. किती वेळ, माहीत नाही. मग खांद्याजवळ हलकं काहीतरी हललं, आणि त्यानं पुढचा उघडला.

मेणबत्त्या. वारा. सत्यजित. पाहुणे. एकेक. घाई केली की मागचा श्वास अडखळायचा, मग तो एक फोटो मागे जायचा. भीती होती. प्रचंड होती. पण हात चालू होता. मला म्हणाला, ‘काका, मी रडत होतो आणि दाखवत होतो.’

मग नवरी आली.

त्यानं बटणावरचं बोट उचललं.

...

आणि बाईचा आवाज. हळू. स्वतःशीच बोलल्यासारखा.

‘आकाशी नेसली होती व्हय...’

बस. एवढंच.

‘आई, माझी चूक झाली,’ असं हा म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. नुसता श्वास. त्यानं पुढचा फोटो उघडला. मग पुढचा. हार. टाळ्या. जेवणं. शेवटच्या फोटोत दोघं कठड्याशी पाठमोरी, समोर काळोखात गेलेलं पाणी. तो तसाच ठेवला. घड्याळात तीन वाजले, त्या रात्रीचे दुसरे. आणि वास गेला. फुंकर मारल्यासारखा नाही, दार ओढून घेऊन कुणी सावकाश निघून जावं तसा.

पहाटे उज्ज्वल खाली आला तेव्हा मी चहा टाकत होतो. चहा होईपर्यंत सगळं सांगितलं त्यानं. मी त्याला रागावलो. म्हटलं, उपाशी बसलास, झोप नाही, मनाला लागलेलं, डोकं असे खेळ करतं. गेनाऊ, अगदी हेच म्हणालो मी. अजूनही म्हणालो असतो.

त्यानं गयाबाईंना फोटोत बसवलं नाही. अल्बम छापून आला नोव्हेंबरात. ‘काका, तुम्ही चला माझ्याबरोबर, मला सांगायचंय तिला,’ म्हणाला. मी गेलो. नसतो गेलो तर आज तुम्हाला ही गोष्टही सांगितली नसती.

धम्मदीपानं दार उघडलं. वाळली होती पोर. सत्यजित कामावर होता. उज्ज्वल बसलासुद्धा नाही, उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. खुर्ची, मोबाइल, पालथा घातलेला. तिनं ऐकून घेतलं. झाल्यावर म्हणाली, ‘मला माहीत होतं दादा.’

तिनं उज्ज्वलच्या हातातला अल्बम घेऊन टेबलावर ठेवला.

‘त्याच रात्री मी आईला विचारलं होतं, साडी कशी वाटली? म्हणाली, पांढरी फार शोभली गं तुला.’ तिचा आवाज फुटला. ‘मी तिला काही बोलले नाही. ती मला खोटं सांगत होती, मी तिला. आणि ती गेल्यावर मी सगळ्यांना तेच सांगत बसले, की आईनं पाहिलं. अहो काका, माझ्या आईनं माझं लग्न पाहिलं नाही हो...’

उज्ज्वल पांढराफटक पडला होता. त्यानं त्या रात्रीचं सांगितलं. सगळं नाही, तुटक तुटक. कुणीतरी मागे उभं होतं, आणि काय म्हणालं. आकाशी, एवढा शब्द ऐकला आणि ती मटकन खाली बसली.

मग तिनं अल्बम जवळ ओढला. छपाईवाल्यांचं प्लास्टिक अजून त्यावर तसंच होतं, चहूबाजूंनी चिकटवलेलं. तिनं ते माझ्यासमोर नखानं फाडलं. पहिलं पान तिच्या एकटीच्या फोटोचं, मोठं, आकाशी साडीतलं. तिच्या गालावर, हनुवटीच्या जरा वर, एक काळा ठिपका होता.

‘छपाईत डाग पडलाय,’ उज्ज्वल पुटपुटला. ‘बदलून आणतो.’

तिनं बोट लावलं. ठिपका पसरला. बोट उलटं करून तिनं आम्हाला दाखवलं. काजळ होतं. ताजं, तुपातलं, घरी धरतात तसं. लहान लेकराला दृष्ट लागू नये म्हणून आई तीट लावते, तेवढीच.

मी ते बोट हातात घेऊन पाहिलं. वास घेतला. कारण शोधायची सवय ना माझी. मग ती उठली, आम्हाला चहा केला. कप एकेक करून आणले, एकाच हातानं. दुसरा हात तिनं तसाच वर धरला होता, त्या बोटाला कशाचा स्पर्श होऊ नये म्हणून.