राकित्काची पन्नासावी

दार लोटून घ्या रे पोरांनो, आणि तो टीव्ही बंद करा. आमचा वेंडेलिन ह्रिट्स खोटं बोलणारा माणूस नव्हता. जन्मात एकदाच बोलला, आणि ते मला त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

दोन हजार अकरा साल, वीस मे, शुक्रवार. जनगणनेची रात्र. आपल्या राकित्का गावाची मोजणी वेंडेलिनकडे होती. काखेत कागद मारून तो दहाच्या सुमारास शेवटच्या घराकडे निघाला. या दरीत माझ्या आजोबांच्या वेळी चारशे माणसं होती. काही अमेरिकेला गेली, काही एकोणीसशे चव्वेचाळीसच्या लढाईत जळाली, उरलेली तरणी पोरं शहरानं गिळली. पुढे डोंगर आणि देशाची सीमा. रस्ता इथेच संपतो, बस इथूनच वळते.

दुखणं त्या बसचंच होतं. गाव पन्नासच्या खाली गेलं तर बस बंद, असं वरून कळवलेलं. आणि वेंडेलिनची बायको ओटिलिया आठवड्यातून तीनदा त्याच बसने रक्त शुद्ध करून घ्यायला जायची. बस गेली की बायको गेली, इतकं सरळ होतं ते.

"काय वेंडो, माणसं मोजतोस?" चर्चचा घंटावाला आंब्रोझ फाटकातून ओरडला. "त्यापेक्षा मेंढरं मोज, लवकर पन्नास भरतील!"

"तुला अर्धाच धरलाय मेल्या, झोप आता."

एकोणपन्नास झाली होती. पन्नासावी यूलियाआजी, ब्याण्णव वर्षांची, तीन दिवस शेवटचे श्वास घेत पडलेली. मध्यरात्रीच्या ठोक्याला जो जिवंत, तोच मोजायचा असा नियम.

दार तिच्या मुलीने, मार्टाने उघडलं. "या काका. आई अजून आहे."

दोघं उशाशी बसले. अकरा चाळीसला आजीने एक लांब श्वास घेतला. सोडला. पुढचा आलाच नाही.

मार्टा रडतरडत उठली. आपल्यात माणूस गेलं की घड्याळ थांबवायचं आणि खिडकी उघडायची. जिवाला वाट नको का? तिचा हात कडीवर गेला, आणि वेंडेलिनने तो धरला.

"नको पोरी. समोर आंब्रोझ जागा आहे. उघडी खिडकी दिसली की तो मयताची घंटा वाजवणार, अख्ख्या गावाला वेळ कळणार. वीसच मिनिटं... ओटिलियासाठी."

"काका, ती माझी आई आहे."

"मी पाया पडतो तुझ्या."

मार्टा खाली बसली. घड्याळ चालू राहिलं. खिडकी बंद राहिली.

पावणेबारा. मेणबत्तीची ज्योत सरळ होती. मग वाकली, खिडकीकडे. वारा नव्हता.

बाराला पाच कमी. खोली गारठली... मेमध्ये तोंडातून वाफ निघू लागली.

"काका, ऐकलंत?"

टक.

खिडकीपाशी. टक... टक. नखाने मारावं तसं.

बारा वाजले. वेंडेलिनने पन्नासावं नाव लिहिलं आणि खिडकीवर झेपावला. कडी निघाली. खिडकी निघेना. थंडीत वारा आत येऊ नये म्हणून दुहेरी खिडकीच्या दोन तावदानांमध्ये तळाशी भरलेलं शेवाळ आजीच्या आजारपणात काढायचं राहिलं होतं. ओल धरून लाकूड फुगलेलं. त्याने ओढलं. मार्टाने ओढलं. मग त्यांनी घराचं दार सताड उघडलं.

टक... टक...

"आई, इकडे! दारातून जा गं..."

टक.

पहाटेपर्यंत तेच चालू.

उजाडल्यावर पहारीने चौकट उचकटली. आतलं तावदान निघताच टकटक थांबली. आंब्रोझने घंटा वाजवली. गाव पन्नासाचं ठरलं, बस राहिली, ओटिलिया पुढे सहा वर्षं जगली. मी असतो तर? मीही तेच केलं असतं, आणि देवाने मला माफ केलं नसतं.

बाहेरच्या काचेवर, आतल्या अंगाला, हिवाळ्यापासून कोणाचा हात न लागलेल्या धुळीत एक पंजा उमटला होता. त्याला करंगळी नव्हती. यूलियाआजीची करंगळी लहानपणीच मळणीयंत्रात गेली होती.