घ्या बाबा, जेवा

मुन्ना, ते लाकूड आत ढकल. अन् मोबाईल ठेव बाजूले. राखणीले आला का पिक्चर पाहाले? रात्री डुकरं धानाच्या पुंजण्यात घुसली तं तुह्या बापाले मी काय सांगू?

गोष्ट पाहिजे म्हणता ना, मंग ऐका. मी भूतबित मानत नाही, आधीच सांगतो. रेल्वेच्या गँगमधी जिंदगी गेली, रात्री-बेरात्री कंदील घेऊन लाईननं चाललो, मले कधी काही दिसलं नाही. हे झालं ते इंद्रकुमारसोबत. आपल्या सौंदडचाच इंद्रकुमार पटले, लग्नाचे फोटो काढते तो. प्रफुल, तुह्या बहिणीच्या लग्नात तुले स्टेजवरून खाली उतरवलं होतं ना, तोच.

माणूस चांगला, पण रिकामं बसवत नाही त्याले. अन् पितरपाटात, पितरांच्या पंधरवड्यात, लग्नं कुठची? फोटोवाला घरीच. तं त्याले मोबाईलवर कुठं तरी दिसलं, की इंग्लंड-ऑस्ट्रेलियातले लोक आपल्या आजा-पणजाच्या कबरी शोधून राहिले. ते लिहितात, अमक्या गावाजवळ आमचा माणूस पुरला आहे, कोणी जाऊन दगडाचा फोटो पाठवा. अन् जवळचा कोणी जाऊन काढते. फुकटात. मी त्याले म्हटलं, कायले हा उपद्व्याप? तं म्हणे, काका, आपल्या पोवारांचा भाट येते, पोथी उघडते अन् बापाचा बाप कोण, त्याचा बाप कोण, सारं वाचून दाखवते. या बिचाऱ्यांले कोण सांगन?

तिकडं इंग्लंडात एक डोरीनबाई होती, साठीच्या पुढची. तिचा आजा बेकर साहेब, आपल्या जुन्या छोट्या लाईनवर, नॅरोगेजवर, इंजिन ड्रायव्हर. इथंच तापानं मेला. तेव्हा त्याचा मुलगा तीन-चार वर्षांचा. त्याले घेऊन त्याची माय निघून गेली ती गेलीच. तो मुलगा म्हणजे या बाईचा बाप. मरेपर्यंत म्हणत होता म्हणे, माझ्या वडिलांकडे परत कोणी गेलं नाही. आता बापही गेला, अन् बाई एकटी बसून सारं खानदान जुळवून राहिली. इंद्रकुमारले तिनं व्हॉट्सअॅपवर लिहिलं, एक फोटो तेवढा मिळाला तं उपकार होतील.

लाईनच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांच्या मधात, गोऱ्या लोकांचं जुनं कब्रस्तान आहे. होतं म्हणा. भिंत पडली, बेशरमाची झुडपं वाढली, गुरंही जात नाहीत. इंद्रकुमार गेला तो दिवस मागच्या वर्षीच्या पितृमोक्ष अमावस्येचा. बुधवार, गांधी जयंतीची सुट्टी. दुपारी त्यानं घरी बापाचं पान वाढलं, कावळ्याले घास ठेवला, हात जोडून म्हटलं, 'घ्या बाबा, जेवा.' संध्याकाळी बायकोले, रुचीले, सांगितलं की अल्बमच्या कामानं सडक अर्जुनीले जातो. खोटं काऊन बोलला? अरे, अमावस्येले कब्रस्तानात कोणती बायको जाऊ देईन? पण त्याच्यामुळं झालं असं, की तो कुठं आहे हे जगात कोणालेच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळीच काऊन गेला, असं विचारशील तू मुन्ना. जुन्या दगडावरची अक्षरं दुपारच्या उन्हात दिसत नाहीत. ऊन तिरपं पाहिजे. अन् तरीही नाही दिसली, तं पीठ चोळायचं. पीठ अक्षरात बसते, वरचं पुसून घ्यायचं, की नाव पांढरं उमटते. हे त्याले कोणी शिकवलं नव्हतं, त्याचंच डोकं. निघताना त्यानं स्वयंपाकघरातून पीठ घेतलं. पितरांच्या वड्यांचं उरलेलं तांदळाचं पीठ.

सारे दगड पाहिले. दिवस बुडाला तेव्हा कुठं एका आडव्या वाढलेल्या बेशरमाखाली बेकर साहेब सापडला. इंद्रकुमारनं मूठभर पीठ घेतलं, दगडाले चोळलं. एकेक अक्षर उमटलं. त्यानं नाव मोठ्यानं वाचलं. खुशीत होता. अन् दुपारी बापाले म्हटलं होतं ना, तेच शब्द मस्करीत तोंडातून निघाले.

"घ्या बाबा, जेवा."

मंग फोटो काढाले दोन पावलं मागं सरकला. दगडापुढची जागा म्हणजे कबरच की. पावसानं आतून पोकळ झालेली. पाय टेकला तसा खाली गेला, मांडीपर्यंत. वरची फरशी तिरपी होऊन मांडीवर बसली अन् पाय अडकला. हातातला मोबाईल उडून गवतात पडला, पालथा. हात लांब केला तं चार बोटं कमी पडत होती. बस, चार बोटं.

सुरवातीले तो घाबरला नाही. फरशी ढकलून पाहिली, हलली नाही. पाय ओढला, कातडं सोलून निघालं. ओरडला. बांध्यात धान उभं, संध्याकाळी तिकडं कोण राहते? लाईनवरून एक मालगाडी गेली. तिचा उजेड झाडांवरून फिरला, त्याच्या तोंडावरून गेला, अन् पुढं निघून गेला. ड्रायव्हरले त्यानं हात केला म्हणे. गाडी गेली अन् मंग जो अंधार पडला, तो अमावस्येचा.

तेव्हा त्याले रडू आलं. स्वतः सांगितलं त्यानं मले, लाजला नाही. म्हणे, काका, साप चावून मेलो तं चावून मेलो, पण रुची मले सडक अर्जुनीत शोधत राहीन. माझी पोरगी दारात बसली असन. अन् मी इथं हाकेच्या अंतरावर, अन् कोणाले सापडणार नाही.

मोबाईल वाजला. बायकोचाच फोन. पालथ्या मोबाईलच्या कडेनं गवतात उजेड पडला. वाजला... वाजला... बंद झाला.

आता ऐका. खाली त्याचा पाय लोंबकळत होता. पायाखाली काही नव्हतं, नुसती पोकळी. गार. तिथं आधी बुटाले काही तरी लागलं. त्याले वाटलं, घूस असन. मंग टाचेले लागलं. मंग घोट्याले.

मंग एका हातानं घोटा धरला.

नाही, दाबला नाही. ओढलाही नाही. बाजारात बाप लहान पोराचा हात धरते ना, तसा धरला. इंद्रकुमारनं पाय वर घेतला, तं पकड घट्ट झाली. सोडून दिला, तं सैल. पुन्हा वर घेतला, पुन्हा घट्ट. तीनदा करून पाहिलं त्यानं. मंग हलला नाही.

"साहेब," तो म्हणाला, "सोडा मले. माझी बायको वाट पाहून राहिली."

काही नाही...

हिंदीत म्हटलं. हात जोडून म्हटलं. पायावरची पकड तशीच.

मंग पुन्हा उजेड झाला, मोबाईलच्या कडेनं. पण या वेळी वाजला नाही. नुसता उजेड. अन् तो विझेचना.

अन् मंग दगडाच्या मागून... बोलणं.

हळू. माणसाचं. म्हाताऱ्याचं.

इंग्रजी. याले काही कळत नव्हतं. थोडं बोलणं. मंग गप्प. मंग थोडं बोलणं. मंग गप्प. जसं कोणी दुसऱ्याचं ऐकून राहिलं. एकदा हसला. इंद्रकुमार म्हणते, ते हसणं चांगलं होतं, घरातल्या माणसाचं.

तो ओरडला, मी इथं आहे, कोणी ऐकता का. मागचं बोलणं थांबलं.

घोट्यावरची बोटं घट्ट झाली.

तो गप्प बसला.

बोलणं सुरू झालं... किती वेळ चाललं, त्याले सांगता येत नाही. मच्छर चावून राहिले, मांडी बधिर झाली. हात वर करायची हिंमत नाही. मधातच तो माणूस थांबला. अन् रडाले लागला. म्हातारं माणूस कसं रडते, आवाज न करता, श्वास तुटून तुटून... तसं. अन् खाली घोट्यावरचा हात थरथरत होता. वरचा माणूस अन् खालचा हात, एकच.

मंग थोडं बोलला.

मंग खूप वेळ काहीच नाही.

मंग एक शब्द.

उजेड विझला.

अन् पायावरून एकेक बोट सुटलं. करंगळी. तिच्या बाजूचं. मंग सारीच. अन् तळव्याले खालून आधार आला. कोणी पोराले भिंतीवर चढवते, तसा. फरशी आपणच कलली, अन् इंद्रकुमार बाहेर.

पळाला. मोबाईल सोडून, मोटरसायकल सोडून, एका पायात बूट. घरी आला तं रुची दारातच बसली होती. ती त्याच्यावर भडकलीच. म्हणे, एकदा उचलला नाही, अन् मंग तासभर फोन बिझी. कोणाशी बोलून राहिले होते?

तो तसाच आत गेला. आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माह्या घरी आला. म्हणे, काका, सोबत चला, एकटा जाऊ शकत नाही. गेलो आम्ही. गाडी होती. खड्डा होता, फरशी होती, तो पडला त्या जागेचं गवत चेपलेलं. मोबाईल मात्र जिथं पडला म्हणाला तिथं नव्हता. दगडाच्या मागं होता, उताणा, बॅटरी संपलेली. मी तो उचलला. माह्या ओसरीत आणून चार्जिंगले लावला.

सुरू झाला तसं त्याच्यात दिसलं, काल संध्याकाळी या फोनवरून डोरीनबाईले फोन गेला होता. तासाच्या वर. अजूनही आहे तो त्याच्यात, मी डोळ्यानं पाहिला. अन् खाली बाईचा लंबाचौडा मेसेज, इंग्रजीत. मी नातीले हाक मारली, गुंजनले. ती कॉलेजात शिकते. म्हटलं, वाच अन् सांग.

तिनं सांगितलं ते असं. बाई लिहिते, फोटो सावकाश पाठवा, घाई नाही. पण कब्रस्तानातल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांना फोन दिलात, त्याचे आभार कसे मानू? आमच्या घरचं सगळं त्यांना ठाऊक. माझ्या बाबांना लहानपणी लाडानं काय म्हणायचे, तेसुद्धा. बाबा वारले हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं तर खूप रडले. मग म्हणाले, जाऊ दे, माझा एक मुलगा आज परत आला. मला जेवू घातलं त्यानं. आता मी त्याला कुठं जाऊ देणार नाही.

गुंजन तिथं थांबली. तिले कालचं काही ठाऊक नव्हतं, तिले वाटलं आम्हाले समजून नाही राहिलं. मी म्हटलं, वाच पुढं.

मी त्यांना म्हटलं, बाई लिहिते, तिकडे आता अंधार झाला असेल. त्याच्या घरीही कोणी वाट पाहत असेल. जसे माझे बाबा तुमची पाहायचे. सोडा त्याला. ते कितीतरी वेळ बोलले नाहीत. मला वाटलं फोन कटला. मग 'बरं' म्हणाले.

खाली एकच ओळ उरली होती. गुंजननं तीही वाचली.

"पोचला ना तो घरी?"

इंद्रकुमार खाटेच्या काठावर बसला होता, दोन्ही पाय वर घेऊन. गुंजन विचारून राहिली, आबा, काय लिहू यांना? मी म्हटलं, लिही, पोचला.