स्वरूपा चालते

खुर्ची इकडे ओढ, अरुणाताई. इन्व्हर्टरवर हा एवढाच दिवा लागतो. विचारतेस म्हणून सांगते.

त्या दुपारी मी फक्त दूध आणायला खाली उतरले होते. गुडगावच्या त्या नव्या टॉवरमध्ये आमचंच एक बिऱ्हाड. वरखाली सगळे फ्लॅट रिकामे, जिन्यात ओल्या सिमेंटचा वास. स्वरूपाच्या ऑपरेशनला वर्ष झालं होतं. मणक्यातली गाठ निघाली, पण पोर कमरेखाली लुळी पडली ती पडलीच.

श्रीरंगचं कामच ते, हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरला शिकवायचं. अशी ऑपरेशनं झालेल्या मुलांची माहिती त्याला द्यायची, मग नवं मूल चालेल का ते तो सांगतो. आपल्या पोरीचं विचार, म्हणून मीच हट्ट धरला होता. 'चालणार नाही' म्हणाला मेला! आणि वर्षानंतर खरं काय झालं ते त्याला परत सांगायचं असतं, म्हणजे तो आणखी शिकतो.

मी दूध घेऊन आले, तर श्रीरंग स्वरूपाची माहिती भरून स्क्रीनसमोर रडत बसलेला.

"काय भरलंस?" मी विचारलं.

"चालते."

"अरे, पण हे खोटं..."

"असू दे खोटं! माझ्या हातानं 'नाही' लिहिणार नाही मी, पद्मजा."

मलाही बरंच वाटलं गं.

तेवढ्यात आतून पावलं वाजली. अनवाणी, टाच आपटत धावणारी. स्वरूपाचीच! आईला कळत नाही होय? पिशवी टाकून मी धावले.

स्वरूपा पलंगावरच होती. मी उशीवर ठेवलेले पाय तसेच. पावलं मात्र पलंगाभोवती वाजत होती...

श्रीरंगनं ते पुसून खरं भरलं. मग प्रोग्रामच काढून टाकला. काही उपयोग नाही, पावलं वाजतच राहिली. हे फरीदाबादचं घर घेतलं, तर इथेही पहिल्याच दिवशी वाजली. आता आम्ही दारं लावायचंही सोडलंय. डॉक्टरांनी तर कधीच हात टेकले.

आज सकाळी तिचे पाय पुसायला घेतले, ताई. तळव्यांना ओला चिखल होता. बोटांच्या बेचक्यात गवत.

"सोनू, कुठे गेली होतीस गं?" मी हळूच विचारलं.

म्हणाली, "मी कुठे गेले, आई? मी तर इथेच होते..."