कोरडी फरशी

अपघात विभागासमोरची फरशी कुसाबाई दिवसातून चारदा पुसायच्या. तोंडात अभंग, हातात फडकं, आणि शेवटी जुन्या एक्सरेच्या फिल्मनं वारा घालून ती खडखडीत वाळवायच्या. नाशकातल्या त्या दवाखान्यात दुसरं काही धड असो-नसो, तेवढी फरशी आरशासारखी.

तिथंच सोमवारी भरदुपारी एका पेशंटच्या मेहुण्यानं योगिनी सिस्टरच्या कानाखाली अशी काढली की डावा कान बंदच झाला. तिचा गुन्हा काय, तर आयसीयूत खाट नाही, हे खरं सांगितलं. खाटा काय ती पदरात लपवून बसली होती?

गुरुवारी व्यवस्थापक यादव साहेबांनी तिला बोलावलं. जाताना कुसाबाईंनी तिला अडवलं.

"सिस्टर, हे बघा ना. सकाळपासून पुसतेय, वाळतच नाय."

कोरड्या फरशीवर ओले डाग होते. तीन. योगिनीनं वाकून बोट लावलं. कोमट लागलं. आणि तीन दिवस मुक्या असलेल्या डाव्या कानात धप्पकन आवाज आला, माणूस पडल्यासारखा. मागं वळून पाहिलं. कुणी पडलं नव्हतं.

साहेबांनी अपघातांचं रजिस्टर पुढं सरकवलं. "लिहा. ड्यूटीवर पाय घसरून पडले. सगळ्यांनी असंच लिहिलंय. पुढच्या महिन्यात तुम्हाला कायम करायचंय ना?"

तिनं पान पाहिलं. सरिता सिस्टर, मनगट: पाय घसरून पडले. डॉक्टर मयूर, दोन दात: पाय घसरून पडले. वॉर्डबॉय झुंबरमामा, डोक्याला आठ टाके: पाय घसरून पडले. तिघांनाही पेशंटच्या नातेवाइकांनीच मारलं होतं. सरिता अजून दाराची बेल वाजली की पलंगाखाली शिरते. आणि ओल्या फरशीचा मेमो कुणाला? कुसाबाईंना! योगिनीच्या अंगाची लाही झाली.

"फरशी कोरडी होती, साहेब. मला मारलंय. मी खोटं लिहिणार नाही. नोकरी गेली तर गेली!"

"मग हे काय लिहिलंत?"

चौथी ओळ भरलेली होती. नाव यादव साहेबांचं. पाय घसरून पडले. वेळ चार वाजून दहा मिनिटं. इजेचा रकाना कोरा.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून आठ मिनिटं झाली होती. तिनं पुन्हा पाहिलं. आठच.

"मी पेनाला हातसुद्धा लावला नाही."

"थट्टा करता? थांबा, सिक्युरिटीलाच आणतो."

राग होता, तरी तिच्यानं राहवेना. "साहेब, त्या फरशीवरून जाऊ नका."

"का? फरशी कोरडी आहे ना? तुम्हीच म्हणालात!"

ते गेले.

तोच धप्पकन आवाज, फक्त डाव्या कानात आला.

मग धावपळ, स्ट्रेचर. कुसाबाई दारात आल्या, पांढऱ्याफटक.

"सिस्टर, देवाशप्पथ, फरशी कोरडी ठाक हाय. डाग पण गेले."

योगिनीनं रजिस्टरकडं पाहिलं. साहेबांच्या ओळीत इजेचा रकाना भरला होता. मनगट, सरिताच्या तिरप्या अक्षरात. दोन दात, डॉक्टरी गिचमिडीत. डोक्याला आठ टाके, झुंबरमामांच्या थरथरत्या हातचं.

डावा कान, तिच्या स्वतःच्या अक्षरात. शाई अजून ओली होती.