कड्याची आतली बाजू

मेलेली कोंबडी नुसती बघून तिला कोणी मारलं हे मी सांगू शकते. यात फुशारकी नाही. जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून बावीस वर्षं काढल्यावर एवढं जमायलाच हवं. मुंगूस मानेला धरतं. कुत्र्याला खायचं कमी आणि खेळायचं जास्त असतं, त्यामुळे पिसं अंगणभर. बोका गुपचूप उचलून नेतो. पिल्लू नुसतंच नाहीसं झालं, तर आधी उंदराचं बीळ शोधावं. लोक मात्र दर वेळी बिबट्याचं नाव घेतात, कारण बोक्यानं कोंबडी नेली हे शेजाऱ्यांना सांगण्यात काही मजा नसते.

धाकट्या भावाचा फोन आला, तेव्हाही मला बोकाच वाटला होता.

"ताई, दोन कोंबड्या मेल्या. दोन दिवसांत दोन."

"जखम कुठं आहे?"

"जखम नाहीच."

"बरं, आता किती उरल्या?"

"नऊ."

"आणि आधी किती होत्या?"

"नऊच होत्या गं."

धाकटा शाळेपासून गणितात कच्चा. मी ते हसण्यावारी नेलं.

शनिवारी दुपारी त्याच्याकडे पोचले. घर रांगेतलं शेवटचं, स्वयंपाकघराच्या मागे अंगण, भिंतीला टेकून जाळीचं खुराडं आणि समोर तारेचं कुंपण. भाऊ फ्रीज दुरुस्त करतो, त्यामुळे त्यानं दुसरी मेलेली कोंबडी एका जुन्या फ्रीजमध्ये माझ्यासाठी जपून ठेवली होती. ती हातात घेतली आणि मी दचकलेच. चोच, पिसं, हाडं, मांस, सगळं जागच्या जागी होतं. दाताची खूण नाही, नखाची नाही. पण वजनच नव्हतं. उशीचा रिकामा अभ्रा उचलावा तशी ती माझ्या हातात आली.

"कुठं सापडली?"

भावजयीनं शिलाई मशीन थांबवून मला मागे नेलं. कुंपणाला लागून कपड्यांची दोरी होती. "इथंच, ताई. दोन्ही वेळा दुपारी बाराच्या सुमाराला, मी कपडे वाळत घालत असताना. चादर टाकली तेव्हा खाली काही नव्हतं. चिमटा घ्यायला वाकले, तर पायाशी ही. आणि आदल्या संध्याकाळी मी हिला आत जाताना बघितलं होतं."

"आत नऊ आहेत त्या मोजल्या कोणी?"

"आम्ही सगळ्यांनीच मोजल्या, आत्या," माझी भाची म्हणाली. आठ वर्षांची पोर, एका जागी म्हणून ठरत नाही, सगळे तिला भिंगरीच म्हणतात. या कोंबड्यांवर तिचा भारी जीव. "पण त्यातल्या दोन आपल्या नाहीत."

"मग कोणाच्या?"

"कोणाच्याच नाहीत," ती म्हणाली.

शेजारच्या घरातून दोन घुसल्या असणार, असं मी ठरवून टाकलं. आमच्या दवाखान्यात रंगीत प्लास्टिकची कडी असतात, ती मी बरोबर आणली होती. नऊ कोंबड्यांच्या पायांत नऊ रंगांची कडी चढवली. नंबर नेहमीसारखे मार्करनं आतल्या बाजूला लिहिले, कारण बाहेरचा नंबर मातीनं दोन दिवसांत पुसला जातो. भिंगरी मांडी घालून समोर बसली होती.

"मलापण एक!"

"तुला कशाला? तू अंडी घालतेस?"

"घाल ना गं आत्या."

मोठ्या पक्ष्यांसाठीचं एक पांढरं कडं होतं, छोटा ओरखडा पडलेलं. त्याच्या आत दहा लिहून मी ते तिच्या मनगटात अडकवलं. तिनं ते रात्री झोपतानाही काढलं नाही.

खुराड्याभोवती राख चाळून पसरली आणि कुलूप लावलं. सकाळी राखेवर एकही पाऊल नव्हतं. मी दाराशी सगळ्या मोजल्या, नऊ. भावजयीनं चहा दिला, भावानं माझी पाठ थोपटली आणि मी मनातल्या मनात फुगले.

बारा वाजता भावजय अंगणात किंचाळली.

दोरीखाली ठिपक्यांची कोंबडी पडली होती, तशीच हलकी. पायात पिवळं कडं होतं. उलटं करून पाहिलं. चार. अक्षर माझंच.

मी खुराड्याकडे धावले. कुलूप जसंच्या तसं. आत नऊ कोंबड्या, आणि पाण्याच्या भांड्याजवळ ठिपक्यांची, पिवळ्या कड्याची. मी आत शिरून तिला धरलं. तिनं फडफड केली नाही, आवाजही काढला नाही. कडं फिरवून पाहिलं. आतली बाजू कोरी होती, स्वच्छ, नवी कोरी.

"बघ," भिंगरी जाळीतून हळूच म्हणाली. "आता तीन झाल्या."

"तुला कशावरून कळतं गं?"

"त्या खातात, पण दाणे संपत नाहीत."

मी मोजून वीस दाणे तळहातावर घेतले आणि ठिपकीपुढे धरले. ती टिपू लागली. चोच खाली, चोच वर, गिळल्यासारखी मान हलायची. माझ्या तळव्याला चोच लागत होती. बराच वेळ तिचं ते चाललं होतं. मग मी दाणे मोजले. वीस.

मला भीती वाटली. सरळ सांगते, बावीस वर्षांत वाटली नव्हती इतकी. मारणाऱ्याला बाहेर ठेवायचं एवढंच मला येतं. बाहेरून कोणी येतच नसेल तर काय करायचं, ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

भिंगरीनं दाखवलेल्या तिन्ही कोंबड्या भावानं खोक्यात भरल्या, वरून सुतळी आवळली, खोकं मोटारसायकलला बांधलं आणि गावाबाहेर खडीच्या खाणीपलीकडे सोडायला नेल्या. तासाभरानं परतला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"सुतळी माझ्या हातांनी सोडली, ताई. गाठी तशाच होत्या. आत काही नव्हतं."

आम्ही दोघं एकदमच खुराड्याकडे वळलो. नऊ.

भावजय म्हणाली, सगळ्या एकदम नेऊन टाका. भिंगरी रडायला लागली. आपल्या सहा जणींनी काय केलं, असं विचारू लागली. मलाही ते पटलं. खऱ्या सहा ओळखून संध्याकाळी दवाखान्याच्या पिंजऱ्यात हलवाव्यात, असं मी ठरवलं. पण आता मी दाराशी गेले की कोंबड्या जाळीवर आदळत होत्या. कालपासून मी त्यांना सारखी धरत होते ना.

"मी जाते आत्या," भिंगरी म्हणाली. "मला नाही घाबरत."

मी तिला जाऊ दिलं. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबतो, पण जाऊ दिलं मीच. चार वाजले होते, लख्ख ऊन होतं आणि मी जाळीच्या बाहेर, तिच्यापासून दोन हातांवर, वही घेऊन उभी होते.

"लाल, एक," ती आतून ओरडली. "निळी, दोन. केशरी, तीन. पिवळी, काहीच नाही."

मी लिहीत होते.

"जांभळी, पाच. तपकिरी, सहा. हिरवी, सात."

मग आवाज थांबला.

मी मान वर केली. अंड्यांच्या पेटीपाशी ती पाठमोरी बसली होती. सगळ्या कोंबड्या गप्प होत्या.

"भिंगरे?"

मी जाळी वाजवली.

"भिंगरे!"

"हो आत्या."

ती उठली, फ्रॉकला हात पुसत शांतपणे चालत बाहेर आली. "संपलं," म्हणाली.

मी घाईघाईनं कुलूप लावलं आणि सवयीनं मोजलं.

आठ.

पुन्हा मोजलं. आठच. हे सगळं सुरू झाल्यापासून पहिल्यांदा आकडा कमी झाला होता. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथंच जमिनीवर बसले. जे काही आहे ते निघून चाललंय, एकेक करून जातंय, असं मी भावाला सांगितलं. त्यानं कपाळावरचा घाम पुसला. आता कोंबड्या हलवायचीही घाई नाही, असं मीच म्हणाले. त्या संध्याकाळी आम्ही बऱ्याच दिवसांनी हसलो. भिंगरी लवकर झोपली. कोंबड्यांचं तिनं नावही काढलं नाही.

आज सोमवार. शाळेला सुट्टी. भाऊ कामावर गेला, भावजय धुणं धूत होती. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून भिंगरीची वेणी घालत होते. एरवी ती वेणी घालताना दहादा उठते. आज एकदाही हलली नाही.

"दूध पी, थंड होतंय."

तिनं पेला तोंडाला लावला. घोट गिळल्याचा आवाज आला. गळा हलला. पेला खाली आला, पुन्हा वर गेला. असे सात-आठ घोट.

मी पेल्यात पाहिलं. दूध काठोकाठ होतं.

हातातला कंगवा मी टेबलावर ठेवला. तिचं मनगट धरलं. तिनं सोडवून घेतलं नाही, विचारलंही नाही. हात माझ्या हातात तसाच राहू दिला. पांढरं कडं होतं. त्यावरचा छोटा ओरखडासुद्धा होता.

मी ते हळूहळू फिरवलं.

आतली बाजू कोरी होती.

मला ओरडायचं होतं. पण मागचं दार उघडल्याचा आवाज आला. घड्याळात बाराला पाच मिनिटं कमी होती, आणि ओल्या चादरींची बादली उचलून भावजय कुंपणाकडे निघाली होती.