उसना सोफा

"अहो, पाय उचला! कागदावर उभे आहात!"

मी ओरडले आणि तो अनोळखी तरुण एक पाय वर करून तसाच उभा राहिला. मदत कार्यालयाच्या व्हरांड्यात पावसाची झड आत येत होती, त्याच्या बॅगेची चेन उसवून सगळे कागद ओल्या फरशीवर पसरले होते, आणि हा मधोमध एका पायावर! मला हसू आवरेना.

खरं तर हसण्यासारखी माझी अवस्था नव्हती. रंगकाम करताना बाबा शिडीवरून पडले तेव्हापासून घर माझ्या एकटीच्या कमाईवर चाललं होतं, आणि कपडे दुरुस्तीच्या दुकानात कमाई ती काय असणार? भाडं थकलं होतं. महिनाअखेर खोली खाली करा, असं घरमालक दारात येऊन सांगून गेले होते. सरकारी भाडेमदत मिळाली तरच डोक्यावर छप्पर राहणार होतं. त्यासाठी मी सकाळपासून रांगेत होते, आणि एका जागी बसून राहणं माझ्या रक्तातच नाही. बाबा मला उगाच भिंगरी म्हणत नाहीत.

"आणा ती बॅग इकडे. चेन तुटली नाहीये, रनर सैल झालाय." मी पर्समधून छोटी पक्कड काढून रनर दाबला, वर मेणबत्तीचा तुकडा घासला. चेन सर्रकन लागली.

"पर्समध्ये... पक्कड?"

"कुणी आरसा ठेवतं, मी पक्कड ठेवते. तुम्ही भाडेमदतीसाठी आलात?"

"हो... म्हणजे, त्याच कामासाठी."

"मग हा कडक इस्त्रीचा शर्ट कशाला घातलात? तपासनीस लोकांचं बारीक लक्ष असतं. चेहरा जरा पाडून बसा. आणि 'हो साहेब' सोडून काही बोलू नका. एकेक नमुने असतात मेले!"

"असं? कसे असतात?"

"खडूस! आपण खोटंच बोलणार, असं धरूनच चालतात."

"हो साहेब," तो गंभीर चेहरा करून म्हणाला. डोळे मात्र हसत होते.

तेवढ्यात माझा पुकारा झाला. खिडकीपाशी जाऊन मी उगाच मागे वळून बघितलं, तर तो अजून तिथंच... बघत होता. तो कुठल्याच रांगेत नव्हता हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष त्याच्या गालावरच्या खळीत अडकलं होतं, त्याला मी काय करू?

पडताळणीला माणूस घरी येणार, असा निरोप आला त्या दिवशी मशीनवर माझं चित्त ठरेना. एका पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून ठेवले. शेवटी मालकीणबाईच म्हणाल्या, "जा बाई, घरी जा. नाहीतर गिऱ्हाइकाला उड्या मारत चालावं लागेल."

धावतपळत जिना चढले, दार ढकललं, तर ते अर्धंच उघडलं. दारामागे सोफा होता. समोरच्या काकूंचा, मखमली! बाबांची खाट कोपऱ्यात दामटली होती. काकूंचा पंखा गरगरत होता, टेबलावर सोनेरी काठाच्या कपबश्या. आणि सोफ्यावर, मी दुरुस्त केलेली बॅग मांडीवर घेऊन—तो.

"या, बसा," तो म्हणाला. मला! माझ्याच घरात!

आईला स्वयंपाकाच्या ओट्यापाशी ओढत नेलं. "आई, हे काय करून ठेवलंस?"

"हळू बोल! सरकारी माणूस येणार, त्याला काय खाटेच्या कडेला बसवू? इतकीही अब्रू उरली नाही का आपली?"

आता हिला कसं सांगू, की अब्रू दिसली तर मदत जाणार होती!

"सोफा छान आहे. तुमचाच?" तो आईला विचारत होता.

"आमचाच, तर!" आई हौसेनं म्हणाली.

त्याचं पेन कागदावर टेकलं. तो दिसेल ते लिहिणार, मग मखमली सोफेवाल्यांना कोण देतंय भाडेमदत?

"समोरच्या काकूंचा आहे," मी एका दमात सांगून टाकलं. "पंखाही त्यांचाच. कपबश्याही."

"आणि ही अंगावरची चादरसुद्धा," खाटेवरून बाबा म्हणाले. "मी तेवढा घरचा."

आईनं मान खाली घातली. तिचे डोळे भरून आले होते. त्यातच काकू दारात हजर! "झालं का हो तुमचं? आमच्याकडे फार उकडतंय, पंखा तेवढा नेऊ?"

मला वाटलं, आता हा हसेल. हसला असता तर मी त्याला जन्मात माफ केलं नसतं. तो उठला आणि बाबांच्या पायाशी, खाटेच्या कडेला जाऊन बसला.

"मावशी, इथं बसलो तर चालेल ना?" त्यानं आईला विचारलं. "सोफ्यात रुतायला होतं, लिहिता येत नाही."

तिथंच... हो, नक्की तिथंच माझं काहीतरी बिनसलं.

"शेवटचा प्रश्न," तो म्हणाला. "आमच्या कार्यालयात तुमचं कुणी नात्यातलं, जवळचं आहे का?"

"कुण्णी नाही हो!" आई म्हणाली. त्यानं लिहिता लिहिता माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ.

जिन्यात मी त्याला गाठलंच. "तपासनीस आहात, हे तेव्हाच सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही बोलू कुठं दिलंत? शिवाय खडूस नमुन्यानं 'हो साहेब' सोडून काही बोलायचं नसतं ना..."

पुढच्याच आठवड्यात तो दुकानात आला. बॅगेची चेन पुन्हा बिघडली म्हणे. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

"माझं काम इतकं कच्चं नसतं," मी पक्कड रोखून म्हटलं. "चेन तुम्हीच बिघडवता ना?"

"खोटं बोलू नका, असं आम्हीच लोकांना सांगतो..." तो हसला. बॅग उचलून दारापर्यंत गेला, वळला, काहीतरी बोलणार होता—आणि नुसताच निघून गेला.

त्यानंतर तो आलाच नाही. दुकानाच्या दाराची घंटी वाजली की माझी मान वर. रस्त्यानं इस्त्रीचा शर्ट दिसला की जीव वरखाली. रात्री कूस बदलून बदलून अंग दुखायचं. आणि अशात कार्यालयातून फोन आला: तपासनीस बदलले आहेत, पडताळणी नव्यानं होईल.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिना संपत आला होता. आईनं भांडी पोत्यात बांधायला घेतली होती. आणि हा पळपुटा आमचं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारून मोकळा! मी त्याला मनातल्या मनात इतकं काही बोलले, की समोर असता तर बहिरा झाला असता. पण राग संपला की खाली उरायचं ते वेगळंच असायचं.

नव्या तपासनीस बाई आल्या त्या दिवशी घरात सोफा नव्हता. बाई खाटेच्या कडेला बसल्या. आई ओठ घट्ट मिटून उभी होती, पण तिनं काही उसनं आणलं नव्हतं. बाईंनी चष्म्यावरून सगळं बघितलं, बाबांचे दवाखान्याचे कागद तपासले. मी या पायावरून त्या पायावर होत होते.

"शेवटचं," बाई म्हणाल्या. "आमच्या कार्यालयात तुमचं कुणी नात्यातलं, जवळचं?"

"नाही हो, कुणी—"

"थांब, आई."

हो म्हटलं तर वशिला ठरणार, मदत हातची जाणार. बाबांची खाट रस्त्यावर येणार. पण या कार्यालयातल्या माणसांसमोर एकदा खोटं निस्तरून झालं होतं माझं. पुन्हा नको.

"आहे," मी म्हणाले. "म्हणजे... तसं कुणी कुणाला काही बोललेलं नाही. त्याला ठाऊकही नसेल. पण 'नाही' म्हटलं तर ते खोटं होईल."

"कोण गं?" आईचा आवाज चिरकला. बाबा उशीवरून डोकं उचलून बघायला लागले.

बाईंनी चष्मा काढला. "आधीचा तपासनीस माझ्याकडे आला होता. म्हणाला, त्या घरातली मुलगी मला आवडते, ही फाईल माझ्याकडे नको. मी विचारलं, तिला सांगितलंस? तर म्हणे, आत्ता विचारलं तर तिला वाटेल, मदत माझ्या हातात आहे म्हणून हो म्हणावं लागेल. काम होईपर्यंत तिकडे फिरकणार नाही."

मी भिंतीला टेकले.

"आणि... मदत?" आईनं भीत भीत विचारलं.

"जवळचं कुणी आहे म्हणून नाकारत नाहीत हो. लपवलं तर नाकारतात." बाईंनी सही केली. "महिनाअखेरच्या आत भाडं घरमालकाकडे जमा होईल. आणि मुली, माझी बॅग उचलायला आलाय तो. वर येऊ दिलं नाही मी त्याला. कोपऱ्यावर उभा असेल."

आईनं डोळे पुसले आणि दुसऱ्या क्षणी ती दाराकडे धावली. "अगं बाई, मग वर बोलव त्याला! थांब, सोफा आणते!"

"राहू दे," बाबा म्हणाले. "त्याला खाट आवडते."

पुढचं मी ऐकलंच नाही. जिना कसा उतरले ते आठवत नाही. तो कोपऱ्यावर पावसाच्या भुरभुरीत उभा होता, बाईंची छत्री मिटून काखेत, केस ओले.

"झालं काम?" त्यानं आधी तेच विचारलं.

"झालं."

त्यानं मोठा श्वास सोडला. मग आपली बॅग पुढं केली. चेन सताड उघडी होती. "ही... पुन्हा..."

"तुम्हीच बिघडवलीत."

"हो साहेब."

"आणि आधीच्या दोन्ही वेळेलाही."

"हो साहेब," तो म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज थरथरला. मी त्याच्या काखेतली छत्री काढून उघडली, दोघांच्या डोक्यावर धरली आणि म्हटलं, "वर चला. आई वाट बघतेय."